कळंबचा माळ ते वालचंदनगर : शेठ वालचंद हिराचंद यांचे जीवन व कार्य

प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांनी मानवाला असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली, असे आपली परंपरा सांगते. वनातून भटकणाऱ्या माणसाला त्यांनी एका जागी स्थिर केले, त्याच्या हाती उपजीविकेचे साधन दिले आणि त्यातून गावे व नगरे उभी राहिली. विसाव्या शतकात महाराष्ट्राच्या मातीत या षट्कर्मांपैकी कृषी, वाणिज्य आणि शिल्प या तिन्ही कर्मांची एकत्र उपासना करून एक संपूर्ण नगर वसविणारे जे पुरुष होऊन गेले, त्यांत सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव अग्रभागी आहे. जहाज, विमान आणि मोटार या तीन उद्योगांचे जनक म्हणून देश त्यांना ओळखतो. परंतु पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात त्यांच्या नावाने वसलेले नगर, तेथे संसार थाटणारी कुटुंबे आणि तेथल्या शाळांतून शिकून मोठी झालेली मुले हेही त्यांच्या कार्याचे तितकेच मोलाचे फळ आहे. समाजाच्या नव्या पिढीला या बाजूचा परिचय व्हावा, हे सर्वथा उचित ठरेल.

बालपण व संस्कार

वालचंद शेठजींचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. हे दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापाराच्या निमित्ताने ते दक्षिणेकडे आले आणि सोलापुरात स्थायिक झाले. सावकारी तसेच कापूस व धान्याचा व्यापार हा घराण्याचा व्यवसाय होता. घरात गुजराती भाषा आणि दाराबाहेर मराठी, अशा दुहेरी वातावरणात वालचंद वाढले. परमुलखातून आलेले एक कुटुंब नव्या गावात कसे रुजते, तेथली भाषा, तेथले शेजारी आणि तेथली सुखदुःखे कशी आपली करते, याचा धडा त्यांना पुस्तकातून घ्यावा लागला नाही. तो त्यांच्या घरातच होता.

त्यांचे वडील शेठ हिराचंद नेमचंद हे केवळ व्यापारी नव्हते. धर्मशास्त्राचा अभ्यास, समाजसुधारणेची तळमळ आणि शिक्षणाची आवड या तिन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकवटल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात त्यांनी सोलापुरातून ‘जैन बोधक’ हे मराठी मासिक सुरू केले. जैन समाजाच्या नियतकालिकांच्या इतिहासात या मासिकाचे स्थान अत्यंत मानाचे आहे. ज्या काळात शास्त्रग्रंथ छापण्यालाही समाजातील अनेकांचा विरोध होता, त्या काळात धर्मविचार मराठीतून सामान्य श्रावकाच्या घरी पोहोचविण्याचा हा उद्योग धाडसाचा होता. ज्ञान कुलुपात ठेवायचे नसते, हा संस्कार वालचंदांना वडिलांकडूनच मिळाला असे म्हणावे लागेल. पुढे त्यांनी आणि त्यांच्या बंधूंनी विद्यालयांना व महाविद्यालयांना जे सढळ साहाय्य केले, त्याचे मूळ या घरातच सापडते.

प्राथमिक व माध्यमिक शिक्षण सोलापुरात पूर्ण केल्यानंतर वालचंदांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात उच्च शिक्षण घेतले. तो काळ प्लेगच्या साथींचा होता. शहरे ओस पडत होती, बाजारपेठा थंडावत होत्या. अशा परिस्थितीत पदवी पूर्ण न करताच त्यांना घरच्या व्यवसायात लक्ष घालावे लागले. परंतु गादीवर बसून व्याजाचे हिशेब करण्यात त्यांचे मन रमले नाही. काही घडवावे, काही उभारावे, ही ओढ त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती.

तात्पुरत्या वस्त्यांचे दिवस

ही ओढ त्यांना रेल्वेच्या कंत्राटी कामांकडे घेऊन गेली. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक हे या क्षेत्रातील त्यांचे पहिले सहकारी होते. एकाकडे कामाची माहिती आणि दुसऱ्याकडे भांडवल व धडाडी, असा हा योग जुळून आला आणि फाटक-वालचंद ही भागीदारी उदयास आली. बार्शी लाइट रेल्वेच्या विस्ताराचे काम हे त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक होते. सोलापूरच्या व्यापारी घराण्यातील तरुणाने खडी, चुना, लोखंड आणि मजूर यांच्या जगात उतरावे, ही त्या काळी सर्वांना रुचेल अशी गोष्ट नव्हती. तरीही शेठजींनी माघार घेतली नाही.

पुढे कामांचा व्याप वाढत गेला. पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधकामाची मोठी कामे मिळाली आणि हाती भांडवल जमले. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली. बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांचे अवघड काम या कंपनीने केले. सह्याद्रीचा काळा कातळ फोडून रेल्वेला वाट करून देणारी ही कामे परदेशी कंपन्यांच्या तोडीस तोड अशी भारतीयांनी करून दाखविली.

कंत्राटदाराच्या जीवनाचे एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घेतले पाहिजे. जेथे काम तेथे वस्ती. ताडपत्री, पत्रे आणि कुडाच्या भिंती यांच्या आधाराने रातोरात शेकडो माणसांचा तळ पडतो. दगड फोडणारे, माती वाहणारे, लोहार, सुतार, गवंडी, त्यांच्या बायका आणि कडेवरची मुले असा सारा संसार उघड्यावर मांडला जातो. काम संपले की तोच तळ उठतो आणि चुलींची तीन-तीन दगडे तेवढी मागे उरतात. अशा तळावर मुलांना शाळा मिळत नाही, आजाऱ्याला दवाखाना मिळत नाही आणि म्हाताऱ्याला विसावा मिळत नाही. ऐन उमेदीची वर्षे अशा कामांवर घालविलेल्या शेठजींना या उठून जाणाऱ्या वस्त्यांचे जीवन जवळून माहीत होते. पुढे त्यांच्या हातून उभ्या राहिलेल्या स्थिर वसाहतींचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते.

माळरानाकडे दृष्टी

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. युद्धानंतरच्या वर्षांत शेठजींनी जी नवी क्षेत्रे हाती घेतली, त्यांत शेती हे एक होते. १९२३ साली नाशिक जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात रावळगाव येथे सुमारे १,५०० एकर जमीन घेऊन त्यांनी मोठ्या प्रमाणावरील शेतीचा प्रयोग सुरू केला. जमीन खडकाळ, अनुभव नवा आणि हवामान बेभरवशाचे. व्यापारी माणसाने मातीत पैसा घालणे म्हणजे तो बुडविणे, असा व्यवहारी विचार शेठजींच्या मार्गात आला नाही.

याच काळात इंदापूर तालुक्यातील कळंब परिसराकडे त्यांचे लक्ष गेले. इंदापूर हा पर्जन्यछायेतील तालुका. पाऊस कमी, दुष्काळ वारंवार. परंतु भाटघरच्या धरणातून येणारा नीरेचा डावा कालवा या भागातून वाहत होता. पाणी होते, ते जमिनीपर्यंत नेऊन तिच्याकडून पीक घेण्यासाठी लागणारे भांडवल व संघटन लहान शेतकऱ्याकडे नव्हते. समूहातील मार्सलँड प्राइस या कंपनीच्या नावाखाली कळंब येथे ऊसशेतीचा उद्योग सुरू झाला. माळ सपाट करणे, चाऱ्या काढणे, बांध घालणे, चोपण झालेली जमीन सुधारणे, खताची व बेण्याची व्यवस्था लावणे अशी कामे वर्षानुवर्षे चालली.

१९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. परदेशी साखरेवर जबर जकात बसली आणि देशात साखर कारखाने काढणे परवडू लागले. त्यापूर्वी देशात आधुनिक पद्धतीचे कारखाने केवळ तीसएक होते; चार-पाच वर्षांत ती संख्या शंभरापलीकडे गेली. रावळगाव आणि कळंब येथील ऊस आता गुळाच्या काहिलीऐवजी कारखान्याच्या चरकात जाऊ लागला. कळंबच्या माळावर चिमणी उभी राहिली, भोंगा वाजू लागला आणि या नव्या वस्तीला वालचंदनगर हे नाव मिळाले.

संसार रुजले

कारखाना यंत्रांनी चालतो असे म्हणतात. परंतु तो खरे पाहता कुटुंबांनी चालतो. शहरापासून दूर, उघड्या माळावर फिटर, टर्नर, लोहार, बॉयलरवरचे कामगार, रसायनतज्ज्ञ, हिशेबनीस, डॉक्टर आणि शिक्षक आणायचे, तर एकट्या माणसाला बोलावून भागत नाही. त्याच्या पत्नीला राहण्यासाठी घर, मुलांना शाळा, आजारपणात औषध आणि सणासुदीला बाजार लागतो. हे सारे ज्या ठिकाणी नाही, त्या ठिकाणी चांगला कारागीर एक हंगाम काढतो आणि निघून जातो. म्हणून वालचंदनगरात कारखान्याबरोबर घरे बांधली गेली, पाण्याची सोय झाली, दिवे आले, दवाखाना आणि शाळा आली. यात व्यवहार होता आणि माणुसकीही होती. दोन्हींची फारकत न करणे हीच अशा उद्योगनगरांची खरी ताकद होती.

येथे आलेल्या कुटुंबांची वाटचाल साधारणतः एकसारखी असे. आधी कर्ता पुरुष एकटा येई. त्यासाठी गावाकडची कोरडवाहू जमीन भावाच्या हवाली केलेली असे किंवा सावकाराकडे गहाण पडलेली असे. काही महिने तो चार-पाच जणांबरोबर एका खोलीत राही, हाताने भाकरी थापी, आणि नोकरी कायम होऊन घर मिळाले की पत्नीला व मुलांना घेऊन येई. सोबत एखादी लोखंडी पेटी, पितळेची भांडी, जाते आणि कुलदेवतेचा टाक असे. मागे राहिलेल्या आईवडिलांना दरमहा मनीऑर्डर जाई.

माणदेशातले, सोलापूरकडचे, कर्नाटकाच्या सीमेवरचे, कोकणातले, गुजरातेतले आणि त्याही पलीकडचे लोक अशा वस्तीत एका रांगेत राहू लागतात, तेव्हा गावगाड्याचे जुने नियम आपोआप सैल होतात. वाड्यावस्त्यांत जातीनुसार राहणारी माणसे येथे हुद्द्यानुसार मिळालेल्या घरांत शेजारी म्हणून राहतात. नळावर, गिरणीत आणि दवाखान्याच्या रांगेत ती एकमेकांना भेटतात. एकीच्या घरी बाळंतपण असले तर दुसरी डबा पाठविते. पर्युषण आणि दशलक्षण पर्व, गणेशोत्सव, ईद आणि नाताळ यांचे दिवस शेजाऱ्यांना परस्परांच्या घरातून कळतात. हे ऐक्य कोणी व्याख्यान देऊन घडविलेले नसते. ते एका भोंग्यावर उठणाऱ्या आणि एका पाण्यावर वाढणाऱ्या माणसांतून उमलते.

भोंगा हे अशा नगराचे घड्याळ. पाळी बदलली की वडील घरी येणार, हे लहान मुलालाही कळे. ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की बैलगाड्यांच्या रांगा, मळीचा उग्र गंध आणि चिमणीच्या धुरातून अंगणात पडणारी काळी राख, अशी नगराची कळाच बदलून जाई. गाळप संपले की उन्हाळ्यात यंत्रे खोलून दुरुस्त करण्याचे काम चाले. याच दुरुस्तीच्या कामातून, ओतकाम आणि जुळणीच्या कार्यशाळेतून पुढे एक मोठा उद्योग जन्माला आला. दुसऱ्या महायुद्धानंतर आणि विशेषतः १९५० नंतर महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने उभे राहू लागले, तेव्हा साखर कारखान्याची यंत्रे परदेशातून आणण्याऐवजी देशातच बनविणारे केंद्र म्हणून वालचंदनगराने नाव मिळविले. ज्या माळावर पूर्वी कुसळे उगवत होती, तेथे पुढील काळात सिमेंट उद्योगाची यंत्रसामग्री, अणुऊर्जेसाठी लागणारे भाग आणि अवकाशयानांच्या प्रक्षेपकांची आवरणे घडविली गेली.

मुलांची शाळा

या नगरात जन्मलेली पिढी आपल्या आईवडिलांहून वेगळी होती. वडील गावाकडून आलेले, निम्मे मन अजून गावात अडकलेले. मुलांना मात्र हेच गाव. आईवडील सुट्टीत मूळ गावी निघाले की मुलांना वालचंदनगर सोडवत नसे. श्री वर्धमान विद्यालय ही तेथील शाळा. भगवान महावीरांचे बालपणीचे नाव धारण करणाऱ्या या विद्यालयात सर्व जातिधर्मांची मुले शिकली. अधिकाऱ्याचा मुलगा आणि उसाच्या फडावर काम करणाऱ्याचा मुलगा एका बाकावर बसावा, ही अशा शाळांची मोठी देणगी होय.

ज्या स्त्रिया स्वतः अक्षरशत्रू होत्या, त्यांच्या मुली येथे शाळेची पायरी चढल्या. घरापासून शाळा हाकेच्या अंतरावर, वाट सुरक्षित आणि शेजारच्याही मुली जाणाऱ्या, मग मुलीला घरी ठेवण्याचे कारण उरत नाही. मोठ्या शहरांत ज्यासाठी चळवळी कराव्या लागल्या, ते एका लहान नगरात केवळ शाळा जवळ असल्याने घडून येऊ शकते, हा विचार करण्यासारखा भाग आहे.

परंतु याच शिक्षणात एक गुंताही होता. शेजारी कारखाना आहे म्हणून मुलगा वडिलांच्याच खात्यात लागावा, अशी आईची इच्छा. आणि शिकला आहे तर त्याने पुण्या-मुंबईस जाऊन इंजिनियर व्हावे, अशी वडिलांची इच्छा. राहते घर कंपनीचे. वडील निवृत्त झाले की ते सोडावे लागणार. तीस-तीस वर्षे ज्या अंगणात तुळस वाढविली, ते अंगण आपले नव्हते, ही जाणीव निवृत्तीच्या दिवशी प्रत्येक घरात बोचत असे. म्हणूनच अशा वसाहतीतील आईवडिलांनी मुलांना जमीन किंवा घर ठेवण्यापेक्षा शिक्षण ठेवण्याचा ध्यास घेतला. जे घर सोडावे लागणार नाही, असे एकच घर त्यांना मुलांसाठी बांधता येत होते. अपरिग्रहाचा हा एक नकळत घडलेला पाठच म्हणावा लागेल.

उभारणे आणि सोडणे

स्वतः शेठजींनाही हा पाठ पुन्हा पुन्हा गिरवावा लागला. १९१९ साली नरोत्तम मोरारजी, लल्लुभाई सामळदास व किलाचंद देवचंद यांच्यासह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेली लॉयल्टी ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. परंतु बलाढ्य इंग्रज जहाज कंपन्यांनी भाडे पाडून सिंदियाची कोंडी केली आणि १९२३ साली दहा वर्षांचा असा करार पत्करावा लागला, की कंपनीने किनारी वाहतुकीपुरतेच राहावे आणि आपला जहाजांचा ताफा ७५,००० टनांच्या मर्यादेत ठेवावा. १९२९ साली नरोत्तम मोरारजींचे निधन झाले आणि कंपनीच्या अध्यक्षपदाची धुरा शेठजींवर आली.

डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तेथून पहिले विमान आकाशात झेपावले. मात्र महायुद्धाच्या धामधुमीत १९४२ साली सरकारने हा उद्योग आपल्या ताब्यात घेतला. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविली गेली. पुढच्याच वर्षी जपानी विमानांनी त्या शहरावर बाँब टाकले आणि कामाला खीळ बसली. तरीही १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरविले गेले. कालांतराने तो कारखानाही सरकारच्या मालकीचा झाला. १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ साली मोटारी बाहेर पडू लागल्या.

उभारावे आणि सोडून द्यावे लागावे, असा हा प्रवास. सामान्य माणूस एका आघाताने खचला असता. शेठजी मात्र प्रत्येक वेळी पुढच्या कामाकडे वळले. ज्यांना परिग्रहाचा त्याग व्रत म्हणून साधतो ते मुनी; गृहस्थाला तो प्रसंगांच्या हातून शिकावा लागतो.

ऊसशेतीच्या बाबतीतही असेच घडले. पण ते शेठजींच्या पश्चात. साखर कारखान्यांच्या मोठ्या मळ्यांसाठी कालव्याखालच्या अनेक शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या गेल्या होत्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने हे मळे कारखान्यांकडून काढून घेण्यात आले आणि १९६३ साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेले. वालचंदनगर व रत्नपुरी येथील मळे त्यांत होते. मूळ मालक असलेल्या खंडकरी शेतकऱ्यांना मात्र आपल्या जमिनी परत मिळविण्यासाठी अनेक दशके झगडावे लागले. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांतील अनेकांना जमिनी मिळू लागल्या. वालचंदनगरची कथा सांगताना या शेतकरी कुटुंबांची कथा वगळणे न्यायाचे होणार नाही. कारखान्याच्या चाळीत मुले शिकून मोठी होत होती, त्याच वेळी शिवेपलीकडच्या एखाद्या घरात सातबाऱ्याचा उतारा जपून ठेवलेला होता. एका कुटुंबाचे स्थिर होणे दुसऱ्याच्या प्रतीक्षेशी जोडलेले असते, हे सत्य उद्योगनगरांच्या इतिहासातून विसरता येत नाही. सम्यक् दृष्टी ती, जी दोन्ही बाजू पाहते.

अखेरचे दिवस

सततचे प्रवास, वाटाघाटी आणि चिंता यांचा परिणाम शेठजींच्या प्रकृतीवर झाला. १९४९ च्या सुमारास त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यानंतर ते उद्योगांच्या कारभारातून निवृत्त झाले. ज्यांच्या एका शब्दावर हजारो हात हलत होते, त्यांना आता स्वतःचा हात हलविण्यासाठी दुसऱ्याचा आधार घ्यावा लागला. पत्नी कस्तुरबाई यांनी या काळात त्यांची अविरत शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

त्यांच्या मागे बंधू गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद यांनी उद्योगांची धुरा वाहिली. १९४७ साली सांगलीत सुरू झालेले न्यू इंजिनियरिंग कॉलेज पुढे वालचंद कुटुंबाच्या साहाय्याने शेठजींच्या नावाने ओळखले जाऊ लागले. सोलापुरातही त्यांच्या नावाची महाविद्यालये उभी राहिली. पदवी अपुरी राहिलेल्या एका विद्यार्थ्याच्या नावाने आज हजारो मुले पदवीधर होतात, यापरते सुंदर स्मारक दुसरे कोणते असणार? २००४ साली भारत सरकारच्या टपाल खात्याने शेठजींच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही काढले.

जीवनाचा बोध

आपल्या परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. कारखान्याचा पगार हे दान नव्हे. तो घामाचा मोबदला होय. दवाखाना आणि शाळा यांतही कंपनीचा स्वार्थ होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु दुष्काळी गावातून पेटी डोक्यावर घेऊन आलेल्या कुटुंबाला महिन्याच्या महिन्याला धान्य आणता आले, तापाने फणफणलेल्या मुलाला वेळेवर औषध मिळाले, मुलीच्या हाती पाटी आली आणि उद्या काय, ही भीती काही काळ तरी मनातून गेली. या चारही गोष्टी चार दानांशी किती मिळत्याजुळत्या आहेत, हे निराळे सांगावयास नको. उद्योग नीतीने आणि दूरदृष्टीने केला तर त्यातूनही श्रावकधर्माचे आचरण घडू शकते, याचा हा आदर्श आहे.

आज उद्योगांचे स्वरूप बदलले आहे. एका भोंग्यावर जागे होणारी, एकाच कंपनीच्या छत्राखाली जन्मापासून निवृत्तीपर्यंत जगणारी नगरे आता दुर्मीळ होत चालली आहेत. कामगार येतात आणि जातात. त्यांचे कुटुंब कोठे राहते, मुले कोठे शिकतात, हे अनेकदा मालकाला ठाऊकही नसते. शहरांच्या कडेला पुन्हा तशाच पत्र्याच्या वस्त्या पडत आहेत, ज्या काम संपल्यावर उठून जातात. ज्यांच्या हाती आज कारखाने, दुकाने आणि बांधकामे आहेत, अशा समाजबांधवांनी शेठजींच्या जीवनातून एवढे तरी घ्यावे, की आपल्याकडे कामास येणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक घर असते आणि त्या घरात शाळेत जाण्याच्या वयाचे एखादे मूल असते.

सौराष्ट्रातून सोलापुरात येऊन रुजलेल्या एका कुटुंबातील मुलाने हजारो कुटुंबांना रुजण्यासाठी भूमी मिळवून दिली. जहाजे जुनी होऊन मोडीत निघतात, मोटारींचे नमुने मागे पडतात, मळे हातातून जातात. नगरात वाढलेली मुले मात्र देशोदेशी पसरून आपापले संसार उभारतात आणि कोणी गाव विचारले तर आजही अभिमानाने वालचंदनगरचे नाव सांगतात. उद्यम, धैर्य आणि दूरदृष्टी यांचा वारसा समाजाला देणाऱ्या या थोर पुरुषाच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!